गाडीचा इलेक्ट्रिक विंच: बटण दाबण्याआधीची कामं

नागपूरहून काटोल, कळमेश्वर किंवा हिंगण्याकडे निघालात आणि डांबर सोडून पांदणीला लागलात, की मृगाच्या पहिल्या दोन पावसांनंतर फोर-बाय-फोरचाही भरवसा राहत नाही. ही बेसाल्टपासून झालेली काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाणी प्याली की ती फुगते आणि टायरच्या खाचांत अशी बसते की कालच घेतलेलं टायर गुळगुळीत होऊन जातं. मौदा-रामटेककडे धानाच्या बांध्यांचा गारा, कन्हानच्या पात्रात वाळू. फसण्याची तऱ्हा वेगळी, पण गाडी फसते.

म्हणून शहरातल्या थार, जिम्नी आणि जुन्या जिप्सींच्या तोंडाशी आता विंच, म्हणजे मोटरने ड्रमवर दोर गुंडाळत फसलेली गाडी ओढून काढणारं यंत्र, दिसू लागले आहेत. त्यातले बरेच फक्त दिसण्यापुरते असतात. ज्यांना तो खरंच वापरायचा आहे, आणि ज्यांनी अजून एकदाही वापरलेला नाही, त्यांच्यासाठी हा लेख.

धोका नेमका कुठे असतो हे आधी समजून घ्या. विंचची मोटर धोकादायक नाही, ती हळू फिरते. ताणलेला दोर धोकादायक आहे. दोन-तीन टनांच्या ताणाखालच्या दोरात, पट्ट्यात, शॅकलमध्ये (पिनने बंद होणारी लोखंडी कडी) आणि गाडीच्या हुकात जी शक्ती साठलेली असते, ती यातला एखादा भाग तुटला की एका क्षणात मोकळी होते. तुटतो तो सर्वांत कमजोर भाग, आणि तो कोणता हे तुम्हाला आधी माहीत नसेल तर तुम्ही नशिबावर उभे आहात. पुढची सगळी काळजी दोन गोष्टींसाठी आहे: काही तुटू नये, आणि तुटलंच तर त्या रेषेत कोणी असू नये.

आकडा कसा वाचायचा

विंचवर पौंडात आकडा असतो: ६,०००, ८,०००, ९,५००, १२,०००. एक किलो म्हणजे साधारण २.२ पौंड. निवडीचा जुना ठोकताळा असा, की सामान आणि माणसांसकट गाडीचं जे कमाल वजन असेल त्याच्या दीडपट तरी विंचची ओढ हवी. जिम्नीचं कमाल वजन १,५४५ किलो. दीडपट केलं तर सुमारे २,३२० किलो, म्हणजे ५,१०० पौंड. तिला ६,००० पौंडांचा विंच पुरतो. भरलेली थार सव्वादोन टनांची धरली तर हिशेब ७,४०० पौंडांवर जातो, म्हणून ती मंडळी ८,००० किंवा ९,५०० पौंडांचा घेतात. जिम्नीवर १२,००० पौंडांचा विंच लावण्यात शहाणपण नाही. पुढच्या चाकांवर विनाकारण वजन येतं, आणि गाडीचा हुक तेवढी ओढ सहन करेलच असं नाही.

दुकानदार सहसा सांगत नाही ती गोष्ट पुढे आहे. तो आकडा ड्रमवर दोराचा एकच थर असतानाचा असतो. थर चढत जातात तसा ड्रमचा घेर वाढतो आणि ओढ कमी होते. ९,५०० पौंडांचा विंच चौथ्या थरावर जेमतेम ६,००० पौंडांच्या आसपास ओढतो. झाड पाच मीटरवर असेल आणि बाकीचा दोर ड्रमवरच गुंडाळलेला असेल, तर तुम्ही विंचच्या सर्वांत अशक्त अवस्थेत काम करत आहात. म्हणून शक्य तेव्हा लांबचं झाड निवडा, जास्त दोर सोडा. पण सगळा सोडायचा नाही. स्टीलच्या दोराचे निदान पाच वेढे आणि सिंथेटिक, म्हणजे कृत्रिम धाग्यांच्या दोराचे आठ-दहा वेढे ड्रमवर राहिलेच पाहिजेत. दोराचं टोक ड्रमला ज्या स्क्रूने लावलेलं असतं तो भार घेण्यासाठी नसतोच. भार घेतं ते वेढ्यांचं घर्षण. बरेच उत्पादक हे शेवटचे वेढे लाल रंगवतात. लाल दिसलं की थांबायचं.

बसवताना

भर ओढीत ९,५०० पौंडांचा विंच १२ व्होल्टवर ४०० अँपिअरच्या आसपास करंट खेचतो. गाडीचा अल्टरनेटर त्याच्या चौथाईच्या आसपास देतो. उरलेला करंट बॅटरीतून जातो. यातून तीन गोष्टी ठरतात. केबल जाडच हवी आणि ती थेट बॅटरीपर्यंत न्यायची. निगेटिव्ह बॉडीला लावून मोकळं व्हायचं नाही. बॅटरी तंदुरुस्त हवी. आमच्याकडे नवतपात ४५ अंश सोसलेली बॅटरी जुलैत ऐन वेळी दगा देते, तेव्हा मृगाआधी ती तपासून घ्या. आणि बॅटरी व विंच यांच्या मध्ये हात सहज पोहोचेल असा, करंट पूर्ण तोडणारा एक आयसोलेटर स्विच हवाच हवा.

या आयसोलेटरवर पैसे वाचवू नका. विंचचा करंट चालू-बंद करणारा सोलेनॉइड किंवा काँटॅक्टर कमी व्होल्टेजवर तापून आतल्या आत चिकटू शकतो. मग तुम्ही बटण सोडलं तरी विंच ओढतच राहतो. हुक गाडीच्या तोंडाशी येऊन आदळतो, नाहीतर काहीतरी तुटतं. अशा वेळी तो एक स्विचच कामी येतो. एरवी प्रवासात तो बंद ठेवायचा, म्हणजे केबल कुठे घासली तरी आग लागण्याची भीती कमी.

कायद्याचं थोडक्यात. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना कळवलं, की गाड्यांना परवानगीशिवाय लावलेले क्रॅश गार्ड आणि बुल बार हे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चं उल्लंघन आहे. विंच लावायला मूळ बंपर काढून लोखंडी बंपर टाकणारे पुष्कळ आहेत. दंड होतो तेव्हा तो यावर होतो. मूळ बंपरच्या मागे, चेसिसला बोल्ट होणारी विंच प्लेट मिळत असेल तर ती घ्या. एअरबॅगच्या सेन्सरसमोर लोखंड उभं करणं हे दंडापेक्षा महाग पडू शकतं.

दोर

स्टीलचा वायर रोप स्वस्त असतो, दगडावर घासला तरी टिकतो, उन्हाला भीत नाही. पण २८ मीटरचा दोर आठेक किलोचा होतो, आणि वापरून वापरून त्याच्या बारीक तारा तुटून काट्यासारख्या वर येतात. उघड्या हाताने तो कधीच धरायचा नाही. चामड्याचे हातमोजे घाला, कापडी नव्हे. कापड तारेत अडकतं आणि हाताला सोबत नेतं.

सिंथेटिक दोर त्याच ताकदीचा, वजनाला दोन किलोच्या आसपास, आणि तुटला तर स्टीलसारखा झेपावत नाही. नवशिक्याने सिंथेटिकच घ्यावा असं माझं मत आहे. मात्र ‘सिंथेटिक आहे, काही होत नाही’ हे वाक्य धोक्याचं आहे. दोर जमिनीवर पडेल, पण त्याच्या टोकाला असलेला लोखंडी हुक किंवा शॅकल पडेलच असं नाही. शिवाय हा दोर घासण्याने, उन्हाने आणि उष्णतेने खराब होतो. साधारण ७० अंशांपुढे त्याची ताकद उतरू लागते आणि १५० अंशांच्या आसपास तो वितळतो. बहुतेक इलेक्ट्रिक विंचचा ब्रेक ड्रमच्या आत असतो, आणि भार असताना मोटरने दोर सोडला की तो ब्रेक तापतो. ड्रमला चिकटलेला आतला थर त्यात भाजतो. तेव्हा दोर सोडायचा तो विंचचा क्लच (ड्रम मोटरपासून सोडवणारा खटका) मोकळा करून, हाताने ओढून. आणि नागपूरच्या मे महिन्यात उघड्यावर उभ्या गाडीच्या विंचवर कव्हर असू द्या.

स्टीलचा दोर काढून सिंथेटिक लावणार असाल तर समोरचा रोलर फेअरलीड, म्हणजे दोर ज्यातून बाहेर येतो ती रोलरची चौकट, तीही बदला. स्टीलने ओरखडलेले रोलर सिंथेटिकला खरवडतात. त्याला गुळगुळीत ॲल्युमिनियमचा हॉज फेअरलीड लागतो.

पिशवीत काय हवं

झाडाला लावायचा किमान ७५ मिमी रुंद पट्टा, दोन बो शॅकल, एक स्नॅच ब्लॉक म्हणजे उघडणारी पुली, दोर तुटला तर त्याची उसळी दाबायला वर टाकायचं वजन म्हणजे डॅम्पर, चामड्याचे हातमोजे, फावडं. सब्बल असली तर बरं. शॅकल इतवारीत लोहा ओळीत किंवा ट्रकचं सामान ठेवणाऱ्या दुकानांत मिळतात, पण अंगावर कामाचा भार कोरलेलाच घ्या. १९ मिमीच्या चांगल्या बो शॅकलवर ४.७५ टन लिहिलेलं असतं. काहीच न लिहिलेला चकचकीत शॅकल किल्लीला लावायला ठीक. पट्टे विकताना काही जण कामाच्या भाराऐवजी तुटण्याचा भार मोठ्या अक्षरांत छापतात. ‘हा कोणता आकडा?’ हे विचारून घ्या.

झटक्याने गाडी काढायचा नायलॉनचा ताणणारा पट्टा विंचच्या दोराला कधीही जोडायचा नाही. तो ताणून शक्ती साठवण्यासाठीच बनवलेला असतो, आणि विंचच्या कामात आपल्याला नेमकी तीच नको असते.

आधी फावडं

गाडी फसली, आता काय? खाली उतरा. एक्सलरेटर दाबून चाकं फिरवत राहिलात तर प्रत्येक फेऱ्याला गाडी आणखी बसते.

लष्करात फसलेली वाहनं काढणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे: चाकं रिमपर्यंत रुतली असतील तर काढायला गाडीच्या वजनाइतकी ओढ लागते, मडगार्डपर्यंत रुतली तर दुप्पट, त्याहून वर गेली तर तिप्पट. दोन टनांच्या गाडीला पहिल्या प्रकारात दोन टन ओढ पुरेल, दुसऱ्यात चार टन, आणि चार टन म्हणजे तुमचा ९,५०० पौंडांचा विंच पहिल्या थरावर जवळपास संपला. चढ असेल तर ओढ आणखी वाढते.

आता याच हिशेबाकडे उलट्या बाजूने बघा. पंधरा मिनिटं फावडं मारून चाकांपुढची माती उतरती केली, पोटाखाली डिफरन्शियलला आणि चेसिसला धरून बसलेला गारा मोकळा केला, तर चार टनांचं काम दोन टनांवर येतं. काळ्या मातीत हे फारच लागू पडतं, कारण ती नुसती अडवत नाही, ती चोखून धरते. गारा आणि गाडीचं पोट यांच्यामध्ये सब्बल घालून हवा शिरू दिली की अर्धी पकड सुटते. टायरमधली हवा थोडी कमी करा, चाकापुढे पराटीच्या काड्या, पळसाच्या फांद्या, पोतं, जे मिळेल ते टाका. पुष्कळदा एवढ्यावरच गाडी निघते आणि विंच तसाच राहतो. तसं झालं तर उत्तम.

आणि शेजारच्या वावरात ट्रॅक्टर असेल तर त्या भाऊला आवाज द्या. विंच आहे म्हणून तो वापरलाच पाहिजे असं काही नाही.

कशाला बांधायचं

जिवंत, जाड, मुळं घट्ट असलेलं झाड: कडुलिंब, चिंच, आंबा, मोह. माणसाच्या मांडीहून बारीक खोड नको. धुऱ्यावरची बाभूळ दिसते मजबूत, पण नाल्याच्या काठावर पाण्याने मुळं उघडी पडलेली असतील तर ती तुमच्याच अंगावर येईल; आधी बुंध्याशी जाऊन बघा. संत्र्याच्या झाडाला पट्टा लावू नका. ते तग धरणार नाही, आणि ते कोणाचं तरी उत्पन्न आहे. पट्टा खोडाच्या तळाशी, जमिनीलगत लावा. विंचचा दोर झाडाभोवती फिरवून त्याचा हुक त्याच दोरात अडकवणं हा सर्वांत जास्त दिसणारा प्रकार. त्याने झाडाची साल जाते आणि दोर तिथेच चिरडतो.

महावितरणच्या खांबाला कधीही नाही. तार तुटून खाली आली तर विंच, गाडी आणि गारा तिन्ही एकदम जिवंत होतील. हातपंप, बोअरचा पाइप, कुंपणाचे खांब, मैलाचा दगड, यांतलं काहीच नाही. गोरेवाडा, पेंच, उमरेड-कऱ्हांडला या बाजूला वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय रस्ता सोडून गाडी घालणंच गुन्हा आहे. तिथे झाडाचा प्रश्न नंतरचा.

झाड नसेल तर दुसरी गाडी. तिचा हँडब्रेक ओढलेला, चालकाचा पाय ब्रेकवर आणि चारही चाकांपुढे मोठे दगड. ऑटोमॅटिक गाडी असेल तर नुसत्या ‘पार्क’वर भिस्त ठेवू नका; गिअरबॉक्समधला तो छोटा दाता एवढ्या ओढीसाठी नसतो. काहीच नसेल तर स्टेपनी पुरणं हा उपाय आहे: ओढीच्या रेषेला आडवा खोल खड्डा, त्यात उभी स्टेपनी, तिला पट्टा, आणि पट्टा जमिनीलगत बाहेर यावा म्हणून एक चर. कोरड्या मुरमात हे जमतं. ओल्या काळ्या मातीत स्टेपनी नांगरासारखी वर येते, तिथे त्यावर विसंबू नका.

गाडीच्या बाजूने जोड फक्त चेसिसला बोल्ट केलेल्या रिकव्हरी हुकालाच. गाडी ट्रेलरवर बांधायच्या कड्या, ॲक्सल, सस्पेन्शनचे दांडे नाहीत. आणि ट्रेलर ओढायचा मागचा टो बॉल तर मुळीच नाही. तो तुटला की तोफगोळ्यासारखा सुटतो, आणि त्याने माणसं मेलेली आहेत.

आता ओढणं

१. एक माणूस इशारे देणारा ठरवा. फक्त एक. चालकाने त्याचंच ऐकायचं. ‘थांब’ हा इशारा मात्र कोणीही देऊ शकतो, आणि तो दिसला की आधी बटण सोडायचं, कारण नंतर विचारायचं.

२. इंजिन चालू ठेवा, आयसोलेटर चालू करा. रिमोट जोडण्याआधी दोर सोडून घ्या: क्लच मोकळा करा, हुकाला बांधलेल्या छोट्या पट्टीला धरून दोर झाडापर्यंत न्या. हुकात बोट घालून ओढायची सवय लावून घेऊ नका. ड्रम फिरत असताना क्लच लावायचा नाही, आणि दोरावर ताण असताना क्लच सोडायचा नाही.

३. पट्ट्याच्या दोन्ही टोकांच्या कड्या शॅकलमध्ये, शॅकलला हुक. शॅकलची पिन पूर्ण आवळा आणि मग पाव फेरा मागे घ्या, नाहीतर ताण आल्यावर ती जाम होते आणि पान्याशिवाय सुटत नाही. हुकाचं उघडं तोंड वर ठेवा. हुक उघडला किंवा तुटला तर तो वर उसळण्याऐवजी जमिनीकडे जातो.

४. क्लच लावा, रिमोट जोडा, आणि दोर नुसता ताठ होईपर्यंतच ओढा. थांबा. आता शेवटचं एकदा सगळं चालत जाऊन बघा: पट्टा सरळ आहे ना, पिन फिरलेली नाही ना, ड्रमवर वेढे एकमेकांत घुसलेले नाहीत ना. दोर गाडीच्या समोर शक्य तितका सरळ हवा. तिरका असेल तर तो ड्रमच्या एका टोकाला ढीग करतो आणि विंचच्या घराला धक्का देतो.

५. दोराच्या मधोमध डॅम्पर टाका. नसेल तर ओलं केलेलं बारदान, जाड जॅकेट, गाडीतलं रबरी मॅट. वजनदार आणि मऊ असं काहीही चालेल. सिंथेटिक दोरावरसुद्धा टाका. गाडी पुढे सरकेल तसा डॅम्पर फेअरलीडकडे येतो. तो पोहोचण्याआधी थांबून, ताण सैल करून मागे सरकवा. ताणलेल्या दोराजवळ जाऊन सरकवायचा नाही.

६. लोकांना बाजूला करा. सोडलेला दोर जितका लांब, निदान तितकं अंतर, शक्यतो दीडपट, आणि तेही बाजूला, दोराच्या रेषेत नाही.

७. विंच चालवणारा चालकाच्या सीटवर, दार बंद, रिमोटची वायर खिडकीतून आत, आणि ती दोराखाली किंवा चाकाखाली येणार नाही अशी. स्टीलचा दोर असेल तर काही जण काचेला आड म्हणून बॉनेट उघडं ठेवतात. समोरचं दिसेनासं होतं, म्हणून इशारा देणारा खिडकीतून दिसत असेल तरच ते करावं.

८. थोडं-थोडं ओढा. ही मोटर सतत चालण्यासाठी नसते. जड ओढीत मिनिटभराच्या आतच थांबा, मोटरला आणि बॅटरीला दम घेऊ द्या. मोटरवर हात ठेवून बघा. चटका बसत असेल तर आणखी थांबा. भर ओढीत गाडी मिनिटाला मीटर-दीड मीटर सरकली तर विंच नीट काम करतोय असं समजा. घाई करून काही मिळत नाही.

९. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, किंवा लो रेंजमध्ये (फोर-बाय-फोरचा हळू, जोरकस गिअर) चाकांचा अगदी हलका हातभार द्या. जास्त दिला तर गाडी पुढे उसळते, दोर सैल पडतो, चाकाखाली जातो, आणि पुढच्या क्षणी झटका बसतो. दोराला झटका द्यायचा नाही, हे कायम.

१०. कडक जमिनीवर आलात की हँडब्रेक, चाकांना दगड, आणि मगच ताण सैल करा. चढावर तर दगड आधी. विंचचा ब्रेक म्हणजे गाडीचा हँडब्रेक नव्हे.

बघ्यांचं काय करायचं

ही अडचण विंचच्या पुस्तिकेत नसते. गाडी फसली की दहा मिनिटांत वावरातून, बांधावरून, मोटरसायकलवरून माणसं जमतात. सगळे मदतीलाच आलेले असतात. कोणी दोराला हात लावून सरळ करतो, कोणी चाकामागे उभा राहून ‘होऊ द्या बाप्पा’ म्हणत ढकलायला लागतो, पोरं ताणलेल्या दोरावरून उड्या मारतात. ओरडून उपयोग होत नाही. त्यांना काम द्या. एकाला पांदणीच्या त्या टोकाला उभं करा, गाड्या आणि बैलबंडी थांबवायला. दुसऱ्याला या टोकाला. वयस्कर माणसाला विनंती करा, ‘काकाजी, पोरांना जरा तिकडे झाडापाशी घेऊन बसा.’ ते ऐकतात, आणि त्यांचं पोरं ऐकतात. ढकलायला कोणी नको. विंच ओढत असताना गाडीला हात लावून एकही माणूस उभा नको. कोणीही दोर ओलांडणार असेल तर आधी ताण सैल. सगळे जागेवर गेल्याशिवाय बटणाला हात लावू नका, भलेही अंधार पडत असो.

पुली लावल्याने काय होतं

ओढ पुरत नसेल, किंवा विंच कण्हतोय असं वाटलं, तर स्नॅच ब्लॉक काढा. दोर झाडाच्या पुलीतून फिरवून परत आपल्याच गाडीच्या हुकाला लावला की ओढ जवळपास दुप्पट होते आणि वेग निम्मा. दोर जास्त सुटतो, म्हणजे ड्रमवरचे थर कमी होतात, तो फायदा वेगळाच. बॅटरीलाही आराम. खरं सांगायचं तर नवशिक्याने जड ओढ असेल तेव्हा आधीपासूनच पुली लावावी. मोटर आणि दोर दोन्हींचा जीव वाचतो.

पण भार कुठे जातो ते बघा. दोरात एक टन ताण असेल तर गाडीला दोन टन ओढ मिळते, आणि झाडाच्या पट्ट्यावर व शॅकलवरही दोन टन येतात. पट्टा आणि शॅकल या दुपटीला पुरणारे हवेत. पुली दिशा बदलायला, काटकोनात वापरली, तरी तिच्या पट्ट्यावर दोराच्या ताणाच्या सुमारे १.४ पट भार येतो. आणि दोराच्या त्या कोनाच्या आत कोणीही उभं राहायचं नाही. पुली सुटली तर ती नेमकी त्याच जागेतून जाते.

काही बिघडलं तर

विंच थांबत नाही: आयसोलेटर. विंच एकदम मंद झाला, दिवे मंदावले: थांबा, इंजिन थोडं रेस ठेवून बॅटरी भरू द्या, मग पुली लावून पुन्हा. जळका वास आला: त्या दिवशी विंच बंद, ट्रॅक्टर बोलवा. झाड हललं किंवा मुळाशी माती फुटली: लगेच सोडा, दुसरं झाड. दोराचा एखादा पीळ तुटलेला, स्टीलच्या दोराला घडी पडलेली दिसली: तो दोर ओढायच्या कामाचा राहिला नाही. घडी सरळ केली तरी तिथली ताकद परत येत नाही.

आणि विंचने माणूस किंवा ओझं उचलायचं नाही. विहिरीतली मोटर वर काढायची फर्माईश गावात हमखास येते. तिला नम्रपणे नाही म्हणा. हा ओढायचा विंच आहे. उचलण्याच्या कामाला लागणारा ब्रेक त्यात नसतो.

परत गुंडाळणं

काम झालं की सगळ्यांना घाई असते, आणि बोटं सापडतात ती याच वेळी. दोर दोघांनी गुंडाळायचा: एकाच्या हातात रिमोट, दुसऱ्याच्या हातात ताण धरलेला दोर, आणि रिमोटवाल्याने दुसऱ्याच्या हाताकडेच बघायचं. शेवटचे दोन मीटर राहिले की पूर्ण थांबा. दोर हातातून सोडून हुकाची पट्टी धरा आणि बटणाला टिचक्या मारत आत घ्या. हुक फेअरलीडवर आवळून ठेवू नका. रिमोट काढा, आयसोलेटर बंद.

तिथे गाऱ्यात गुंडाळलेला दोर घरी येऊन, त्याच आठवड्यात, पूर्ण सोडून साध्या पाण्याने धुवा. सिंथेटिकच्या धाग्यांत शिरलेली माती आतून काचकागदासारखी काम करते. सावलीत वाळवा. मग भार देऊन गुंडाळा: हलक्या चढावर गाडी झाडाकडे ओढून घ्या, दुसऱ्याने ब्रेक थोडा दाबून धरायचा, म्हणजे चार-पाचशे किलोच्या ताणात वेढे शेजारी शेजारी घट्ट बसतात. नवा विंच आला की पहिल्यांदा हेच करायचं असतं. कारखान्यातून तो सैल गुंडाळलेला येतो, आणि सैल थरावर जड ओढ आली की वरचा वेढा खालच्यात घुसून अडकतो.

पहिला सराव पावसाळ्यात नको. दिवाळीनंतर सोयाबीन निघालं की ओळखीच्या कोणाच्या मोकळ्या वावरात, त्यांना विचारून, थोड्या चढावर जा. न फसलेली गाडी सगळी पायरी-पायरीने ओढून बघा, पुली लावून एकदा, न लावता एकदा. जे रिमोट धरणार नाहीत त्यांनाही सोबत न्या. महिन्यातून एकदा विंच मिनिटभर आत-बाहेर चालवला, तर आतली दमट हवा निघते आणि काँटॅक्टर गंजत नाही. ते पार्किंगमध्येही होतं.